षष्ठीचं श्राद्ध

नेमावरच्या वाटेवर कन्नोद मागे पडल्यावर उमाशंकरांनी गाडीची काच खाली केली, लगेच वर घेतली, आणि शेजारी बसलेल्या नातीला म्हणाले,

“इरा, पुन्हा वाच. नीट वाच.”

इरावतीने मोबाइल उघडला. काही दिवसांपूर्वी तिला इंटरनेटवर एका जर्मन पाणबुडीची दुसऱ्या महायुद्धातली सगळी हकीकत सापडली होती. कुठल्या बंदरातून निघाली, कुठली जहाजं बुडवली. त्यात भैयासाहेबांचं जहाजही होतं. भैयासाहेब म्हणजे उमाशंकरांचे वडील. जहाजावर बिनतारी संदेशाचं काम करायचे. जहाज बुडाल्याची तार देवासला आली तेव्हा उमाशंकर माईच्या पोटात होते. तारेत तारीख नव्हती, त्यामुळे श्राद्ध कायम सर्वपित्री अमावास्येला, नेमावरच्या घाटावरच्या गर्दीत व्हायचं. माईने मात्र कुंकू कधी पुसलं नाही. ते होडीत उतरले असतील, एवढंच ती म्हणायची. लोक तिच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचे.

आता तारीख मिळाली होती. अंबरीश गुरुजींनी जुन्या पंचांगात पाहून वद्य षष्ठी काढून दिली, आणि आज पितृपक्षातली षष्ठी होती. ब्याऐंशीव्या वर्षी वडिलांना त्यांचा स्वतःचा दिवस मिळवून द्यायचा, म्हणून उमाशंकर घाईने निघाले होते. तरी सकाळपासून त्यांना चैन नव्हतं.

इरावतीने मराठीत सांगितलं, की टॉरपीडो लागल्यावर जहाजावरून दोन होड्या सुटल्या. एक अरबांच्या गलबताला सापडली. दुसरीचा पत्ता लागला नाही.

“दुसरीत कोण होतं?”

“ते पता नाही, आबा.”

“म्हणजे षष्ठीलाच गेले असं नाही.”

उमाशंकर बराच वेळ धोतराचा सोगा चुरगाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, त्या पाणबुडीचं पुढे काय झालं. आयुष्यभर त्यांनी तिला शिव्याच दिल्या होत्या, हे कधी विचारलं नव्हतं. इरावतीनेही तेवढं पुढे वाचलं नव्हतं. वाचता वाचता तिचा आवाज उतरला. पुढच्या मार्चमध्ये पाणबुडीचा शेवटचा संदेश आला. मग काहीच नाही. कुठे बुडाली, कधी, कशाने, कुणालाच पक्कं ठाऊक नाही. आतलं कुणीही परत आलं नाही.

“कप्तान सत्तावीस वर्षांचा होता,” ती म्हणाली. “बाकीचे त्याच्याहून लहान.”

घाटावर गुरुजींनी तीळ, दर्भ, पिंड सगळं मांडून ठेवलं होतं. नर्मदेचं पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. उमाशंकर पाटावर बसले, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, आणि संकल्प सुरू व्हायच्या आत काढून ठेवलं.

“गुरुजी, आज नको. अमावास्येलाच करू.”

गुरुजींना कळेना. तिथी मिळाली आहे, सामान मांडलं आहे, असं ते समजावत राहिले. उमाशंकरांनी त्यांना बोलू दिलं. मग विचारलं,

“ज्यांचं काहीच कळलं नाही, ते अमावास्येचे ना?”

“हो.”

“आपल्या गोत्राचे नसले तरी? परदेशातले असले तरी?”

गुरुजींनी हातातले तीळ परत वाटीत टाकले.

“पाणी कुणालाही देता येतं, काका.”

उमाशंकर इरावतीच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. दोन पायऱ्या चढून थांबले.

“त्या पोरांची नावं दिली आहेत का गं त्यात?”

“आहेत, आबा. पण मला नीट म्हणता येणार नाहीत.”

“अमावास्येला वेळ आहे,” ते म्हणाले. “शिकू.”