डब्याची पट्टी

बुवांच्या घरात दोघंच सतत बोलत असत: एक अँप्लिफायर आणि दुसरे बुवा स्वतः. अँप्लिफायरचं बोलणं एकाच सुरात चाले, पण बुवांचं तरी कुठं निराळं होतं.

बुवा हे टोपणनाव. तरुणपणी लोकगीतांना विजेची गिटार जोडणाऱ्या एका बँडमध्ये असताना त्यांनी दाढी वाढवली होती. बँड गेला, दाढी पिकली, नाव राहिलं. शिवाय राहिल्या तीन गिटारी आणि एका जुन्या कपाटाच्या दारावर स्क्रूनं बसवलेली पेडलं. एक आवाज फाडणारं, एक थरथरवणारं आणि एक प्रतिध्वनीचं. हे शेवटचं बुवांना फार जवळचं, कारण घरात उलट उत्तर देणारं तेवढंच उरलं होतं. तेही बुवांचंच म्हणणं दोन-तीनदा म्हणून गप्प होई. नातेवाइकांपेक्षा बरं.

अँप्लिफायर सेकंडहँड घेतलेला. बटण दाबलं की घरघर सुरू. बँडकडे ट्यूनर नव्हता, घरघर होती, म्हणून सगळ्यांनी तारा तिलाच लावल्या. फुकटचा तंबोरा. आता ही घरघर कुठल्याच पट्टीत नव्हती. हार्मोनियमच्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामधल्या फटीत तिचा मुक्काम होता. गिटारचं काय, खुंटी पिळली की झालं. पंचाईत झाली ताईची.

ताई म्हणजे बुवांची थोरली बहीण, बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवायची. अ‍ॅकॉर्डियनला खुंट्या नसतात. आत धातूच्या बारीक जिभा असतात, त्या ज्या सुरात जन्मतात त्याच सुरात मरतात. पण ताईचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. तिनं कामावरच्या बारीक कानशी घरी आणल्या आणि एक अख्खा उन्हाळा एकेक जीभ घासत सगळी पेटी भावाच्या त्या घरघरत्या डब्याला जुळवली. "बसेपर्यंत घासायचं," ती म्हणायची. "कवळी काय नि पेटी काय."

पुढं एकदा बुवा सगळ्यांच्या देखत म्हणाले, की या अ‍ॅकॉर्डियनमुळे आपण सर्कससारखे वाजतो. ताईनं पेटीचा पट्टा आवळला, "मग या विदूषकाला सांभाळा," म्हणाली आणि गेली. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं म्हणजे कुणाच्या तरी लग्नात किंवा मयताला "बरा आहेस ना", "बरी आहेस ना". उत्तराची वाट कुणी पाहत नसे.

आणि मग चार पोरांचा एक बँड बुवांना शोधत आला. त्यांना जुनी कॅसेट सापडली होती. त्यातलं होडीवाल्याचं गाणं शनिवारच्या कार्यक्रमात बुवांबरोबर वाजवायचं होतं. विचार करून सांगतो, असं बुवा म्हणाले आणि पोरं जिना उतरायच्या आत त्यांनी वरून होकार दिला.

तालमीला बुवांनी पहिली तार छेडली आणि गाणाऱ्या मुलीचा चेहरा दाताखाली खडा आल्यासारखा झाला.

"काका, तुम्ही जरा वर आहात."

"वयानं?"

"सुरानं. कॅसेटवर पण असंच आहे, पण आम्हाला वाटलं टेप पळतोय."

"आणि ती घरघर घालवा," आवाज सांभाळणारा कोपऱ्यातून म्हणाला. "लोक डबे घेऊन दळणाला येतील."

दुरुस्तीवाल्यानं अँप्लिफायर उघडला. "अर्थिंगची वायर कापलीय कुणीतरी. इतकी वर्षं शॉक नाही बसला?"

"बसायचा. आम्हाला वाटायचं गाणं रंगतंय."

"ही घरघर डब्याची नव्हेच. भिंतीतल्या विजेची आहे," दुरुस्तीवाला वायर जोडत म्हणाला. बुवांनी हूं केलं. ऐकलं नाही.

घरी येऊन त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, एवढंच. बुवांनी जाळीला कान लावला. मग सवयीनं त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि स्वतःचाच आवाज मोठा वाटून थांबले.

पुढच्या तालमीत बुवांनी तारा पोरांच्या सुराला लावल्या आणि सूर चोख जुळले. बुवा त्या चौघांत असे मिसळले, की ते नसते तरी चाललं असतं. "मधे अ‍ॅकॉर्डियन आहे ना," मुलगी म्हणाली, "त्या बाई कुठं असतात?"

"इथंच, गावात," बुवा म्हणाले. "फार लांब."

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"कोण गेलं?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही. होडीवाल्याचं गाणं वाजवायचंय शनिवारी. येतेस?"

"सर्कस आहे का?"

बुवांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"माझी पेटी त्या पोरांत बसायची नाही," ताई म्हणाली. "तुझ्या डब्याला घासलीय ती."

"डब्याची घरघर काढली मी. दुरुस्त केला."

"म्हणजे," ताई म्हणाली, "आता ही कुणाशीच जुळत नाही." आणि तिनं फोन ठेवला.

बुवा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पेला तोंडाशी नेला आणि तसाच धरून उभे राहिले. फ्रीज चालू होता. ओट्याजवळ, इतकी वर्षं, तीच घरघर. एखादं सप्तक खाली-वर असेल, पण तीच, भिंतीतल्या विजेची. बुवांनी साधी लाकडी गिटार आणली, फ्रीजला खेटून खुर्ची टाकली आणि तार चढवत नेली. दोन आवाजांमधली थरथरती लाट मंदावली, मग विरली; सूर जुळला.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "ताई, तुझा फ्रीज चालू आहे का?"

"का? काही ठेवायचंय?"

"पेटी घेऊन त्याच्याजवळ जा."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. भात्यात हवा भरली. एक लांब सूर निघाला आणि तिथंच राहिला.

"बसतोय रे," ताई म्हणाली.

फोनवर एकत्र वाजवता येत नव्हतं. आवाज मागाहून पोचत होता. म्हणून एक ओळ त्यांनी, एक तिनं. तिची ओळ खरोखरच सर्कससारखी वाजली. बुवांनी पुढची ओळ घेतली.

तिसऱ्या कडव्याला ताई थांबली. "बंद पडला मेला. थांब, दार उघडं टाकते, तापला की लागेल. आत नुसतं दूधच आहे."

"शनिवारी त्यांच्यात वाजवीन," बुवा म्हणाले. "रविवारी तुझ्याकडं येऊ?"

"सुरू होऊ दे आधी," ताई म्हणाली.

बुवा फोन कानाला लावून बसले. पलीकडं दूध हळूहळू कोमट होत होतं.