ब्रिस्बेनची मुदत

आमच्या घरात आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. मंडळाच्या गणपतीत दोघं शेजारी उभं राहून आरती म्हणतात, फोटोत हसतात. फक्त बोलत नाहीत. चौदा वर्षं सगळा कारभार माझ्यामार्फत. "अवनी, बाबांना सांग, पोळ्या झाल्या." "अवनी, आईला विचार, प्लंबरला शनिवारी बोलवू का?" सिंगापुरातल्या टॅम्पिनीसचा आमचा फ्लॅट एवढासा, की पोळ्या झाल्याचं बाबांना आधीच ऐकू गेलेलं असतं. तरी मी सांगेपर्यंत ते सोफ्यावरून हलत नाहीत.

याचं कारण माझी परीक्षा. मी बारा वर्षांची असताना प्राथमिक शाळेची शेवटची मोठी परीक्षा चालू होती, आणि तिकडे पुण्याला आईचे वडील गेले. फोन बाबांनी घेतला. माझे पेपर संपेपर्यंत, दोन दिवस, त्यांनी आईला पत्ता लागू दिला नाही. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली, "माझ्याशी बोलू नका." बाबांनी ते तंतोतंत पाळलं. मला मार्क उत्तम पडले होते.

पुढे मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सुलेखामावशी म्हणाल्या, "तुला छान जमेल गं, तू ऐकून घेतेस." ऐकून घेते! मला दुसरा उद्योग होता कुठे?

यंदा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटसाठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक इथेच, घरापासून एमआरटीच्या ट्रेनने तासाभरावर; गाईड नावाजलेले, विषय शाळकरी मुलांचा ताण. दुसरा ब्रिस्बेनला. तिथल्या गाईडबाई अख्खं कुटुंब समोर बसवून काम करतात. मुलाखतीत त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी कोण कोणाशी बोलतं?" तोवर पोपटासारखी उत्तरं देणारी मी एकदम गप्प झाले. त्यांनी घाई केली नाही, थांबल्या. त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की मला इथेच शिकायचंय. खरं सांगायचं तर मला घरातून पळायचंही होतं.

ब्रिस्बेनला होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता, म्हणजे इथले दुपारचे तीन. इथल्या जागेला आणखी पंधरा दिवस होते. सोमवारी जेवताना मी विषय काढला.

आईचा हात पोळीवरच थांबला. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अहो, ही ब्रिस्बेनला जायचं म्हणतेय."

अहो! मी दाराकडे पाहिलं, कोणी आलंय का म्हणून.

बाबांनी घसा खाकरला. "ऐकलं मी. तुला काय वाटतं?"

हे 'तुला' मला नव्हतं.

मंगळवारी मी काम करते त्या क्लिनिकमधून परतले तर दोघं लॅपटॉपसमोर शेजारी बसलेले. बाबा आयटीतले मॅनेजर. त्यांनी दोन्ही युनिव्हर्सिट्यांचा तक्ता मांडला होता आणि आई त्यातल्या चुका काढत होती. "अहो, भाड्याच्या खोलीला दहापैकी दहा आणि गाईडचा रकानाच नाही?" बाबा म्हणाले, "तू सांग, मी भरतो." त्यावर आई हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बुधवारी वाद, गुरुवारी पुन्हा वाद. मला कोणी काही विचारेना. इतका छान आठवडा आमच्या घरात कधी गेला नव्हता.

शुक्रवारी अडीच वाजता क्लिनिकच्या पॅन्ट्रीत मी लॅपटॉप उघडून बसले होते. नील, माझा सहकारी, कॉफी ओतून घेत इथल्या लोकांच्या लकबीत म्हणाला, "ॲक्सेप्ट कर ना लाह, कशाची वाट बघतेस?" तेवढ्यात आईचा फोन आला. "तू काही ठरवून टाकलं नाहीस ना? घाई करू नकोस. आम्ही बोलतोय अजून."

आम्ही बोलतोय.

होकार दिला की तक्ता मिटणार. तक्ता मिटला की हे दोघं बोलणार कशावर? मी माणसांच्या मनाचा एवढा अभ्यास केलेली बाई, आणि मला तेव्हा तेवढंच दिसलं. तीन वाजले. मी लॅपटॉप बंद केला. घरी जाऊन सांगितलं, ब्रिस्बेनवाल्यांनी दहा दिवस मुदत वाढवली.

रविवारी सकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"आमचं ठरलं," बाबा म्हणाले. "तू ब्रिस्बेनला जा. गाईड तिथलीच चांगली, असं आईचं म्हणणं. मला पटलंय."

आई माझा हात धरून म्हणाली, "इथे राहिलीस तर जन्मभर आमच्यातच अडकशील. लहानपणापासून तुला राबवलं गं आम्ही. चुकलंच आमचं. आता पुरे."

"आणि सोडायला आम्ही दोघं येणार," बाबा म्हणाले. "रजाही टाकलीय मी."

मला ओरडून सांगायचं होतं, जागा गेली, मीच घालवली, तुमच्यासाठी घालवली. पण मग विचार आला, हे ऐकून ही दोघं एकमेकांकडे कसं बघतील? मी मान हलवत होते.

"जुलैत तिकडे थंडी असते म्हणे," आई म्हणाली. "अहो, तो माझा स्वेटर कुठे आहे?"

"वरच्या बॅगेत असेल. थांब, काढतो."

दोघं उठून आतल्या खोलीत गेले. बॅग खाली काढताना त्यांची चाललेली कुरबुर मला ऐकू येत होती. आता सांगावंच म्हणून मी उठले, दारापर्यंत गेले.

आईने वळून पाहिलं. "अगं, तू बस निवांत. तुला आता काही करायचं नाही. आमचं आम्ही बघतो."

मी जाऊन बसले.