बाईंचे तीन तारे

मी मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली आणि दहापैकी सहाच्या वर गुण एकीलाही दिले नाहीत. सहा म्हणजे माझ्या लेखी सत्कारच. वरचे चार मी राखून ठेवले होते. कशासाठी, हे मला कधी कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

त्यामुळे गेल्या रविवारी जे झालं त्याला मी, दुर्गाबाई, एकटी जबाबदार आहे, हे आधीच कबूल करते. मागून कुजबुज नको.

आमच्या खालच्या मजल्यावर नसीमबानूंची जोया राहते. माझ्या शेवटच्या बॅचमधली. आता हडपसरला सात जणांच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. रविवारी सकाळी आठ वाजता ती लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या दारात उभी.

"बाई, ऑनलाइन डॉजबॉल खेळाल का?"

"मी? माझे गुडघे बघितलेस का?"

"गुडघे लागत नाहीत, बाई. अंगठे लागतात."

मग तिने सगळं सांगितलं. या सात जणांनी दोन वर्षं खपून 'हुकला!' नावाचा गेम केला. सहा विरुद्ध सहा, ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायचं, चेंडू लागला की बाद. तो ज्या बड्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, तिने अट घातलेली: रविवारी संध्याकाळी सहापर्यंत निदान शंभर लोकांचं मत हवं आणि सरासरी चार तारे हवेत. नाहीतर सर्व्हर बंद.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे मैदानच गेलं, बाई. आणि आम्ही सातही जण घरी." तिने लॅपटॉप उघडला. "आत्ता नव्वद लोकांचं मत आहे, सरासरी बरोबर चार. फक्त दहा जण हवेत."

"कोणाला खोटं बोलायला सांगणार नाही मी."

"खोटं नकोच. खेळा, आणि वाटेल ते लिहा."

हे मला पटलं. आधी मी त्या नव्वद जणांची मतं चष्मा लावून वाचून काढली. देवा! एकाने लिहिलं होतं, 'मजा आली पण नको.' अरे, नको तर नको म्हण, लग्नाचं स्थळ आहे का हे? दुसऱ्याची तक्रार, चेंडूला वजन वाटत नाही. तिसऱ्याने पाच तारे देऊन नुसता एक अंगठा काढला होता. आणि एक महाभाग म्हणत होता की समोरचे लोक चेंडू मारतात, हे त्याला आवडलं नाही. डॉजबॉल आहे बाबा, हळदीकुंकू नव्हे.

मग मी खेळायला बसले. पहिल्या मॅचमध्ये चार सेकंदांत बाद. दुसरीत सहा. तिसरीत मी भिंतीकडे तोंड करून पळत राहिले आणि त्या नादात शेवटपर्यंत टिकले. चौथ्या मॅचला मी खांबाआडून एकाच्या पाठीत असा चेंडू घातला की खुर्चीतून उठून ओरडले, "बाऽऽद!" शेजारचे माधवराव दार वाजवून विचारून गेले, सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, आत्ताच ठीक झालंय.

आता एवढं उत्तम काही हाताला लागल्यावर दहा जणांवर कोण थांबतं? माझ्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव 'शिट्टी'. चाळीस जणी. त्यावर हुकूम सोडला: 'साडेदहाला हजर. गेम फोनवर घ्या. सबबी चालणार नाहीत.'

आणि पोरी आल्या की हो! पोरी कसल्या, निम्म्यांचे केस पांढरे. एक मार्केट यार्डातून दुकान लावता लावता खेळत होती, एक मंडईत मटार निवडून घेताना. शेफालीने कुकरच्या चार शिट्ट्या ऐकल्याच नाहीत. सहा-सहाच्या टोळ्या केल्या, पण माइक सगळ्यांचे एकत्र चालू, त्यामुळे कानात नुसता कल्ला: "अगं माझ्या मागे कोण आहे!", "लाज नाही वाटत, पाठीमागून मारतेस?", "बाई, ही रेषा ओलांडतेय!" मी खरीखुरी शिट्टी कपाटातून काढून फुंकली. चाळीस जणी जागच्या जागी थांबल्या, आणि विरुद्ध बाजूच्या कुठल्याशा अनोळखी मंडळींनी आम्हाला आडवं केलं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. सात-आठ वर्षांत अशी हसले नव्हते.

दोन वाजता मी खेळ थांबवला. म्हटलं, "आता मत नोंदवा. प्रामाणिकपणे. मी शिकवलंय तसं."

माझं मत मी स्वतः टाइप केलं: 'खेळ उत्तम. नेम धरावा लागतो, डोकं लावावं लागतं. पंच नाही, हे वाईट. डोक्याला चेंडू लागला तरी फाउल देत नाहीत, हे फार वाईट. पण मला अजून खेळायचं आहे. तीन तारे.'

तीन वाजता जोया धावत वर आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, काय केलंत? एकशे एकतीस मतं झाली. सरासरी ३.६९!"

"शक्यच नाही. सगळ्यांना आवडला."

तिने स्क्रीन पुढे केली. 'शाळेचं मैदान आठवलं. अप्रतिम. तीन तारे.' 'भाजी करपली, पर्वा नाही. तीन तारे.' 'वीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती. तीन तारे.' एक नाही, दोन नाही, चाळीस. आणि वर माझे.

"बरोबर आहे की," मी म्हणाले. "तीन म्हणजे दहात सहा. सर्वोत्तम!"

"बाई, बाहेर तीन म्हणजे टाकाऊ. आवडलं तर लोक पाच देतात."

"असं कसं? मग मी बत्तीस वर्षं..."

मी ग्रुप पुन्हा माइकवर बोलावला आणि सांगितलं की बायांनो, आपल्या हातून घोळ झालाय, या मुलीचं दोन वर्षांचं काम बुडतंय. खरंच आवडलं असेल त्यांनी बाहेरच्या मापाने परत गुण द्या.

रुपालीचा आवाज आला. रुपाली म्हणजे १९९३ची माझी कॅप्टन, आता दातांची डॉक्टर.

"बाई, मग मला सहा दिले होते, ते सर्वोत्तम होते का?"

"अर्थात! तुझ्यासारखा नेम मी पुन्हा पाहिला नाही."

"हे मला कोणी सांगितलंच नाही." ती हसायचा प्रयत्न करत होती, पण ते काही जमत नव्हतं. "मी ते गुण घरी नेले. बाबा म्हणाले, सहा म्हणजे बेताचीच दिसतेस, सोड आता आणि अभ्यासाला लाग. मी सोडलं."

मला एकदम बसावंसं वाटलं. मी बसलेलीच होते.

"बाई, बेताची नव्हते ना मी?"

"नव्हतीस गं. दहा होतीस." हे चाळीस जणींनी ऐकलं. ऐकू देत. "स्तुती केली की पोरी चढून जातात, असं मला वाटायचं. चुकलं माझं. ऐकताय ना सगळ्या? बाईंचं चुकलं."

नंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोणी रडतंय, कोणी ओरडतंय, "बाई, मला पाच दिले होते, ते किती?" मी म्हटलं, "तुला पाच जास्तच होते, तू कायम डबा खात असायचीस." हशा पिकला आणि तारे बदलायला लागले. जोया आकडा वाचत होती: ३.७५, ३.८४, ३.९१... पण कार्ट्या तरी कशा! सगळ्यांनी तीनाचे चार केले. एकीलाही पाच द्यायला हात धजेना. सवयच नाही ना. आणि सवय लावली कोणी?

सहाला वीस मिनिटं असताना आकडा ३.९९वर येऊन बसला.

"एकच मत उरलंय, बाई," जोया म्हणाली आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली. हे तिचं मला फार आवडलं.

मी माझ्या नावावर बोट ठेवलं. तीन. चार. बोट थोडं थांबलं, मग पाच. स्क्रीनवर ४.०१ आलं आणि जोयाने मला अशी घट्ट मिठी मारली की चष्मा तिच्या केसांत अडकला. खालून नसीमबानू विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

"बाई, चार पुरले असते," जोया डोळे पुसत म्हणाली.

"गणित मलाही येतं. वरचा एक १९९३चा आहे. पोचायला जरा उशीर झाला."

माइक चालूच होता. पलीकडून रुपाली म्हणाली, "बाई, एक मॅच होऊन जाऊ दे. तुमच्याविरुद्ध."

मी नीट उभी राहते न राहते तोच तिचा चेंडू थेट माझ्या डोक्यात.

"फाउल!" मी शिट्टी फुंकली. "डोक्याला लागला, फाउल!"

"या खेळात फाउल नाही, बाई," रुपाली म्हणाली. "तुमच्याच मतात वाचलं मी. चला, मैदानाबाहेर."