उझमाची ओवी अरवाला

प्रेसमधून आलेलं पान अरवाने टेबलावर ठेवलं आणि ती तिथेच उभी राहिली.

"नाव चुकलंय का गं?" अनुराधाने मान वर न करताच विचारलं.

"नाही मॅडम. नाव बरोबर आहे. खालचं माझं नाही."

अनुराधाने चष्मा वर सरकवला. शेवटचा तास होऊन गेला होता. स्टाफरूममधला एसी गार करायचं सोडून नुसता घरघरत होता, आणि खिडकीबाहेर वारा मैदानातली रेती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकत होता. दिवसभर बोलून तिचा घसा बसला होता. सौदीतल्या राबिघच्या त्या भारतीय शाळेत बारावीच्या मुलींचा निरोपसमारंभ जवळ आला की स्मरणिका तिच्याच गळ्यात पडायची. प्रत्येक मुलीला एक पान. वर फोटो, खाली चार ओळींची ओवी.

ही रीत तिनेच पाडलेली. ती शिकवायची हिंदी. पण कऱ्हाडची तिची मावशी लग्नघरात आलेल्या पाहुण्याकडे एकदा नीट बघायची आणि पाहुण्याचा चहा संपायच्या आत त्याच्यावर ओवी रचायची. कुणाची फुगलेली मिशी, कुणाची करकरती वहाण, सगळं त्यात यायचं. ते सारं अनुराधाच्या कानात मुरलेलं. तिला सुचायचं मराठीत. मग शेजारी ती हिंदी अर्थ द्यायची. निरोपाच्या दिवशी मात्र मुलींना मराठीच हवं असायचं, तेही गाऊन. केरळच्या मुली, हैदराबादच्या मुली, शब्द कळो न कळो, टाळ्यांचा ठेका धरायच्या.

ज्या मुलीला फोटो द्यायचा नसेल तिच्या चौकटीत प्रेसवाला गुलाब छापायचा. अरवाच्या पानावर गुलाब होता. हे तिचं तिनेच ठरवलेलं. तिची आई कुबरा तर तिला हौसेने स्टुडिओत न्यायला निघाली होती. पण पोर म्हणाली, माझा चेहरा कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरायला नको. तेव्हा आता चेहरा म्हणून काय उरलं, तर गुलाबाखालच्या चार ओळी.

खोल विहिरीचं पाणी
थोडी बोले, गोड वाणी
घराची या गुणखाणी
अरवा लेक

"बरी आहे की," अनुराधा म्हणाली.

"छान आहे. पण ही उझमाआपाची आहे."

"म्हणजे?"

"आपा बारावीला होती ना, तेव्हा तिच्या पानावर हीच होती. शेवटी 'उझमा लेक' होतं. अम्मीने ती फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय. मी रोज तिच्याखाली बसून जेवते, मॅडम."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अनुराधाला जरा सोपं गेलं असतं. तिने पान उचललं, परत ठेवलं.

"अगं, तुम्ही दोघी बहिणी सारख्याच शांत, म्हणून माझ्याकडून..."

"हं," अरवा म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

"थांब, बदलू आपण. उद्या संध्याकाळी फाइल जेद्दाला जायची आहे, अजून वेळ आहे. तूच सांग बरं, तू कशी आहेस?"

अरवाने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. "ते तुम्ही सांगायचं असतं ना?" ती म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली.

घरी आल्यावर अनुराधाने भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. तिचा नवरा हेमचंद्र रिफायनरीतली शिफ्ट संपवून सोफ्यावर आडवा झाला होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"राहू दे तेच," तो डोळे मिटून म्हणाला. "कोण वाचतंय गं ते?"

"जिच्यावर लिहिलंय ती वाचते."

त्यावर त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

तिला आठवलं, पहिल्या काही वर्षांत असं नव्हतं. तेव्हा ती आपल्या मावशीसारखी एकेका पोरीकडे डोळे भरून बघायची. जिच्या वेणीतला रंगीत धागा रोज निराळा, जी डब्यातला लोणच्याचा तुकडा शेवटच्या घासापर्यंत राखून ठेवते, जी रागावली की इंग्रजी बोलते. मग त्या पोरी जायच्या. इथे जन्मायच्या, इथल्या उन्हात वाढायच्या, आणि बारावी झाली की खलास. पुण्याला, मंगलोरला, हैदराबादला. परत शाळा बघायला म्हणून कुणी येत नसे. यायचं कुठे, बापाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की गावच संपलं. सासरी गेलेली लेक निदान सणाला माहेरी येते. या लेकींना माहेरच राहत नसे. त्यात एका वर्षी तिचा स्वतःचा मुलगा, आर्यन, शिकायला गेला. आता शुक्रवारी फोन करतो, काही विचारलं की "ऑल गुड, आई" म्हणतो. त्या वर्षापासून तिच्या ओव्या लवकर व्हायला लागल्या. बडबडीला एक, शांत मुलीला एक, हुशार मुलीला एक. नावं बदलायची. जितकं कमी बघावं तितकं कमी लागतं, असं तिने स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसे वळले होते.

यंदाही खरी जमली ती एकच, स्मृतीची. आणि तीही स्मृतीने कानठळ्या बसवल्या म्हणून:

हसू हिचं ओठी माईना
भिंतीआड ते राहीना
दोन वर्ग शिकू देईना
स्मृतीबाई

बाकी जसीला, मेहविश, सगळ्या ठेवणीतल्या.

तिने कुबराला फोन लावला. अरवाच्या वडिलांचं, हुसेनमियाँचं, किराणा दुकान घराखालीच होतं. कुबराच्या बोलण्यामागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"अरवा कशी हाय म्हणून काय विचारताव मॅडम? तुमच्या हाताखाली तर वाढली."

"तरी सांगा ना. घरी काय करते, कशात रमते?"

"आमच्या उझमासारखीच की! तोंडातून शबूद निघाचा नाय. मी तर दिवसातून दहा वेळा तिला उझमाच म्हणून हाक मारतंय, ती पण ओ देते."

मागून हुसेनमियाँचा आवाज आला, "काय झाला? मार्क कमी पडले काय?"

"नाय वो, मॅडम चौकशी करतायत!" कुबरा ओरडली. मग फोनमध्ये हळूच म्हणाली, "तुमी मागे पालकसभेत बोलला होतात ना, पोरगी फार हळवी हाय म्हणून? कवितेला डोळे भरून येतात म्हणून? तेच लिवा ना. मला फार बरा वाटला होता ते ऐकून."

अनुराधाने फोन ठेवला. हळवी. तिने ते कागदावर लिहून बघितलं. हळवी पोर, डोळ्यांत मोर. तिने कागद चुरगाळला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने स्मृतीला गाठलं. स्मृती म्हणाली, "अरवा ना? शी इज सो स्वीट, मॅडम! एकदम शांत." फिजिक्सच्या पद्मिनी मॅडम म्हणाल्या, "आदर्श मुलगी. मी बोलत असले की मान वर करत नाही. आजकाल अशा मुली मिळतात का?" मेहविश म्हणाली, "अरवा? हमारी क्लास में?" आणि जीभ चावली.

दुपारी अनुराधा शाळेच्याच बसने निघाली. फेब्रुवारी असूनही बस तापलेली होती. पुढच्या बाकांवर लहान पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेली. मधल्या बाकावर पद्मिनी मॅडम पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या आणि बसल्याबसल्याच त्यांचा डोळा लागला होता. मागे बारावीच्या मुली. अरवा खिडकीपाशी. अनुराधा तिच्या जरा पुढे, पलीकडच्या रांगेत बसली. तिने कागद काढला, पेन काढलं, आणि दोन्ही हातात धरून डोळे मिटले. काही सुचत नव्हतं. फाइल जायला जेमतेम तीन तास उरले होते. न जमलं तर सरळ ओळी काढून टाकू, नुसता गुलाब राहील, एवढंच तिच्या थकलेल्या डोक्यात येत होतं.

बस रिफायनरीच्या वळणावर सिग्नलला थांबली. गाडीत कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. आणि झोपलेल्या पद्मिनी मॅडम एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"सायलेन्स!"

म्हणाल्या आणि तशाच झोपून राहिल्या. एक लहान पोरगा दचकून जागा झाला, ओठांवर बोट ठेवून परत झोपला. बाकी कुणाचं लक्षही गेलं नाही.

अनुराधाला हसू फुटलं, ते दाबत तिने वळून बघितलं, तर अरवाची मान खाली गेली होती. हनुवटी पार छातीला टेकलेली. आणि खांदे हलत होते. आवाज नाही, दातसुद्धा दिसत नव्हते. पण मानेपासून कमरेपर्यंत पोर गदगदत होती, कढईतली उकळी झाकणाखाली धडधडावी तशी. मग तिने तोंडात ओढणीचा शेव कोंबला. थोड्या वेळाने मान वर केली, तेव्हा चेहरा अगदी स्वच्छ. खोल विहिरीचं पाणी.

ही खाली गेलेली मान अनुराधाने किती वेळा बघितली होती! प्रार्थनेच्या वेळी, मुख्याध्यापिका सूचना देताना, पद्मिनीच्या तासाला. पोर लाजते, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि त्या दिवशी, गेल्या वर्षी, वर्गात ती आईवरची कविता वाचताना...

ती उठून अरवाशेजारी जाऊन बसली.

"अरवा, खरं सांगायचं. त्या आईच्या कवितेला तू रडत नव्हतीस."

अरवाने गुन्हेगारासारखं खिडकीबाहेर बघितलं. "नाही मॅडम."

"हसत होतीस."

"सॉरी मॅडम."

"अगं, पण हसण्यासारखं काय होतं त्यात? मला तर वाचताना भरून आलं होतं!"

"हो ना. तुम्ही रडायला लागलात, चष्म्यावर वाफ आली. तुम्ही तसंच पान उलटलं, तर दोन पानं उलटली गेली. मग पुढच्या ओळी तुम्ही उंटावरच्या कवितेतल्या वाचल्या." अरवाचा आवाज डगमगायला लागला होता. "रडत रडत. 'माँ' म्हणालात, आणि लगेच पाठीवरचं कुबड आलं. कुणालाच कळलं नाही. सगळ्या रुमाल काढून बसलेल्या."

तिची मान पुन्हा खाली गेली. खांदे सुटले.

अनुराधा बघत राहिली. सबंध वर्गात त्या दिवशी ही एकटी कविता ऐकत होती. आणि आपण हिच्या आईला सांगितलं, पोर हळवी आहे.

"इतकी वर्षं हसतेयस आम्हाला?"

"सगळ्यांना नाही," अरवा घाईने म्हणाली. "जे आवडतात त्यांनाच."

बस परत चालू झाली. अनुराधाच्या हातातलं पेन केव्हा चालायला लागलं तिला कळलं नाही. कागद गुडघ्यावर धरून तिने लिहिलं, एक शब्द खोडला, आणि मग बसलेल्या घशाने, अरवाच्या कानाशी, हलक्या चालीत म्हटलं:

"मान खाली, खांदे हलती
जग म्हणे, पोर लाजती
आतल्या आत ही हसती
लबाड अरवा"

अरवा हसली नाही. तिने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"लबाड?"

"नको असेल तर बदलते."

"नको, नको." ती कागदाची कड दुमडत, उलगडत राहिली. "पण हे छापलं तर सगळ्यांना कळेल. मग मी मान खाली घातली की सगळे बघणार. पद्मिनी मॅडमपण."

"बघतील."

"आणि फिजिक्सचं प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहे, मार्क त्याच देणार."

"स्मरणिका त्याआधीच वाटणार," अनुराधा म्हणाली. खोटं काय बोलायचं? "अरवा, जुनी ठेवायची असेल तर ठेवू. तुझी तू सुरक्षित. कुणी काही विचारणार नाही."

अरवाने कागद परत दिला. हुसेनमियाँच्या दुकानाची पाटी दिसू लागली. ड्रायव्हरने नेहमीसारखी "यल्ला, यल्ला" म्हणत उतरायची घाई केली. ती दप्तर घेऊन उठली, दारापर्यंत गेली, आणि लहान पोरांच्या पसरलेल्या पायांवरून उड्या टाकत परत आली.

"छापा."

"नक्की?"

"अम्मीला वाचून दाखवायचीय. मग बघू कुठली हाक मारते."

"आणि पद्मिनी मॅडम?"

अरवाने मधल्या बाकाकडे पाहिलं. पद्मिनी मॅडमचं डोकं आता काचेला टेकलं होतं. "समजल्यावर त्या पण हसतील," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "नाही हसल्या तर जाऊ देत मार्क."

ती उतरली. गुलाब तसाच राहणार होता, फोटो येणार नव्हता; पण निरोपाच्या दिवशी ही ओवी गाताना आपला आवाज नीट राहायचा नाही, हे अनुराधाला आत्ताच दिसत होतं. आणि मग एप्रिलमध्ये ही कॉलेजसाठी गावी, रत्नागिरीला जाईल. पेन परत पर्समध्ये टाकावं, घरी जाऊन अंग टाकावं, असं तिला फार वाटलं. पाय भरून आले होते. इतकी वर्षं ज्याच्यापासून अंग चोरलं ते सगळं एका दुपारी पुन्हा येऊन शेजारी बसलं होतं.

मागच्या बाकावर मेहविश गुडघे जवळ घेऊन नखांवरचं पॉलिश खरवडत होती. तिच्या पानावर 'बुद्धीची ही चांदणी' होतं. ते याआधी किती जणींना दिलं होतं, अनुराधाला आठवेना. संध्याकाळ व्हायला थोडा वेळ होता.

ती उठली. बस वळणावर झुकली, तशी तिने बाकाची दांडी पकडली.

"मेहविश, सरक जरा बेटा," ती म्हणाली. "ये रंग रोज कायको निकालती तू?"