माझ्या जागेवर ती बसली

मी बॅटरी बोलतेय. आगरदांड्याच्या नलूच्या मासळीच्या टेम्पोची बॅटरी. म्हणजे, होते. आता माझ्या जागेवर ती बसलीय, ती लाल झाकणाची नवी.

कारखान्यात जन्मले, दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले, तिथून नलूनं मला उचललं. हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं. रोज तिचा नवरा कान्हा चावी फिरवायचा, मी जोर लावायचे नि टेम्पो धडधडत उठायचा. मग फेरीबोटीतून दिघी, पुढे बोर्ली पंचतनचा बाजार. माझ्यावाचून नलूचं एक पापलेट विकलं गेलं नसतं!

पुढे मला अशक्तपणा यायला लागला. का, ते मलाही कळेना. एकदा फेरीबोटीवरच चावी फिरली नि मी हूं की चूं केलं नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवतायत, बर्फ वितळतोय.

"मेली बॅटरी! बुडवला माझा बाजार!" नलू कडाडली.

कुणी काही तपासलं नाही. सरळ नवी आणली. मला पडवीत सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी टाकलं. "भंगारवाला आला की देऊन टाक," असं नलू म्हणाली, तेही माझ्यासमोर! हळदकुंकू तिला, फूल तिला. कान्हा तर तिला फडक्यानं पुसत होता. मला कधी पुसलं होतं का हो? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

महिनाभरात तीही बसली, दारातच! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"दोन्ही कशा खराब निघतील?" म्हणत नलूनं हितेश मेकॅनिकला बोलावलं. त्यानं धक्का मारून टेम्पो चालू केला नि तिला मीटर लावला.

"गाडी चालू असली की आकडा चढाया हवा. हा जागचा हालत न्हाय."

मग मीटर थेट डायनामोला लावला. आकडा टुणकन वर!

"डायनामो चोख हाय. वीज देतोय, पण बॅटरीला पोचत न्हाय." वायर चाचपत तो एका जोडापाशी थांबला. जोड हिरवागार, पार कुजलेला. "टेम्पो कशानं धुता?"

"खाडीच्या पाण्यानं. होडी धुतो तसा," कान्हा म्हणाला.

"होडी लाकडाची, दादा. ह्यात तांबं हाय, खाऱ्या पाण्यानं कुजतं."

नलूनं कान्हाकडे असं बघितलं की तो बिचारा बर्फाच्या पेटीआड सरकला.

जोड बदलला. हितेशनं मलाही चार्ज करून तपासलं. "जुनीपण ठणठणीत हाय!" माझी छाती फुगली. वाटलं, आता तिची उचलबांगडी होणार.

"आता ती बसलीय तिथं, ऱ्हाऊ दे," नलू म्हणाली. "हिला होडीवर घेऊ, दिव्याला."

भंगार टळलं, पण जागा गेली ती गेलीच. तुमची गाडी अडली तर आधी मीटर लावा हो, उगाच आमच्या माथी खापर फोडू नका.

होडीला डायनामो नाही. म्हणून कान्हा मला अधूनमधून टेम्पोपाशी आणतो, इंजिन चालू करतो नि तिच्याशी माझ्या वायरी जोडतो. सवतीच्या हातचं जेवते मी. आणि ती मेली कधी हात आखडता घेत नाही, त्याचाच जास्त राग येतो.