चिमीचा खोकला

मी भुंग्या बोलतोय. कुत्रा आहे. घसा अजून खरखरतो, पण आज बोलणारच. माझ्या बहिणीला काठ्यांनी ठेचून मारलं आणि तिचा काही गुन्हा नव्हता.

चिमी आणि मी एकाच वेतातले. शिराळ्याच्या बाजाराबाहेर कुणीतरी आम्हाला पोत्यात बांधून टाकलं होतं. अंजनानं पोतं सोडलं, पदरात घालून घरी आणलं. तिची सासू मनुबाई म्हणाली, "एकच ठेव."

"दोगंबी ऱ्हातील, आत्याबाई. मला दत्तक न्हेली तवा माजा भाऊ गाडीमागं पळत व्हता. त्यो अजून पळतोय माज्या डोळ्यांत."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अंजना बाळंत झाली, सासरीच. वाढवणारी आई वारली होती, मग माहेर कुठलं? मनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची, "पोरानं रूप कुणाचं घेतलंय कुणाला ठावं? हिच्याकडलं कुणी बघितलंय?"

अंजना पोराला पदराआड घ्यायची. सगळे पांगले की दाराशी पडलेल्या आम्हा दोघांना पोर दाखवायची. "बघा रं, माजंच नाक हाय. दत्तक गेल्यापास्नं माज्यागत कुणी मी पैल्यांदाच बघतीया."

पाचवीची पूजा होती. घर बायकांनी भरलेलं. चिमीला कोरडा खोकला झाला होता. ढास लागली की मान लांब करायची, ओकारी यायची, पांढरा फेस पडायचा. नेमकी उंबऱ्यातच ढास लागली.

"फेस! पिसाळलीया!" कुणीतरी किंचाळलं.

"आवं, आत्ताच पाणी प्याली ती!" अंजना आतून ओरडली. कुणी ऐकलं नाही.

तिचा नवरा कृष्णात आणि शेजारचा आकाराम काठ्या घेऊन आले. पहिल्या काठीनं चिमीची कंबर मोडली. तरी तिनं कृष्णातकडं बघून शेपटी हलवली. रोज भाकरी टाकणारा हात होता तो. दुसरी काठी डोक्यात बसली.

मी झेपावलो. कृष्णातच्या पोटरीत हाडापर्यंत दात रुतवले. तोंडात रक्त आलं. सोडावंसं वाटेना.

आकारामनं माझ्यावर काठी उगारली. तेवढ्यात अंजना पोराला छातीशी धरून बाहेर आली. बाळंतिणीनं उंबरा ओलांडला म्हणून बायका ओरडल्या. ती माझ्यापुढं उभी राहिली.

"आदी मला हाना."

"सर बाजूला, येडे!" कृष्णात कळवळत ओरडला.

"ह्यो मेला तर तुमाला काय चावलं ते कसं कळंल? डॉक्टरास्नी बोलवा!"

गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर सायकलवर आले. तोवर मलाही खोकला सुरू झाला होता. जाड हातमोजे घालून त्यांनी माझी श्वासनळी दोन बोटांनी हलकेच दाबली. तशी ढास उसळली. मग छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत बसले.

"श्वासनळी सुजलीय. हा खोकला एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो. जबडा लोंबत नाही, पाणी गिळतोय, माणसं ओळखतोय. तरी साखळीला बांधा, दहा दिवस बघा. जगला तर पिसाळलेला नव्हता. कृष्णात, तुम्ही जखम साबणानं धुवा आणि आजच पोटातली इंजेक्शनं सुरू करा."

"आन् चिमी?" अंजनानं विचारलं.

"तिला आता कशी तपासू, बाई?"

रोज इंजेक्शन घेऊन कृष्णात लंगडत यायचा, माझ्यापुढं बसायचा. "जग रं गड्या," म्हणायचा. तिला मारणारा माणूस माझ्या जिवासाठी हात जोडत होता. मी त्याच्याकडं बघत घटाघटा पाणी प्यायचो. माझा प्रत्येक घोट चिमीची साक्ष होता.

मी जगलो. साखळी सोडताना त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मी गुरगुरलो.

काल पोराला खोकला झाला. मनुबाई धावली, ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकली. कृष्णातनं पोर खांद्यावर घेतलं. मी दारात उठून उभा राहिलो. कुणी काठी उचलतंय का बघत होतो.

कुणी उचलली नाही.

तुमच्या दारात कुत्रं खोकलं तर लांब राहा, पोरांना आत घ्या, पण काठीआधी डॉक्टरला बोलवा. एवढंच मागतो.

अंजना अजून भाकरीचे दोन तुकडे टाकते. दुसऱ्याला मी तोंड लावत नाही.