आठही सरळ

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मिठाची बाटली कॅफेतल्या टेबलाच्या मधोमध उभी होती, आणि ती कोरी हाव्रिला होती. फिल बार्तोशने ती तिथे ठेवली होती. साखरेच्या तीन पुड्या म्हणजे बेसबॉलचे तीन बेस, त्यातल्या दोन पुड्यांवर कॉफीच्या दुधाच्या छोट्या डब्या – धावायला टपलेले दोन खेळाडू – आणि समोर सॉसची बाटली, म्हणजे फलंदाज. मिठाच्या बाटलीच्या झाकणाला सहा भोकं होती, एक बुजलेलं. एमिल त्या बुजलेल्या भोकाकडे बघत होता. बाकीच्या तिघांना तो मैदानाकडे बघतोय असं वाटलं असावं.

काल दुपारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, स्वतःच्या मैदानावर, शहराचा संघ स्टोकर्स चार-तीन असा पुढे होता. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, एक बाद करायचा राहिलेला. तो केला असता तर एकोणीस वर्षांनी संघ बाद फेरीत गेला असता. शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलेला पिचर कोरी हाव्रिला, वय एकतीस, याने आठवा चेंडू टाकला आणि तो डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे, बियरच्या जाहिरातीच्याही वर, पार्किंगमध्ये गेला. तीन धावा. चार-सहा. त्यानंतर स्टोकर्सचे तिघे बाद व्हायला सात मिनिटं लागली.

कोरी हा एमिलचा मुलगा.

हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं आणि टेबलावर ते कुणी बोलत नव्हतं, कारण तसा नियम होता, आणि नियम एमिलनेच घातला होता. एप्रिलमध्ये, आठ वर्षं लहानसहान गावांच्या संघांतून बसने हिंडल्यावर कोरीला वर, स्टोकर्समध्ये, बोलावलं, तेव्हा पहिल्या सोमवारी हे तिघे एकदम जपून बोलायला लागले, जणू कुणाच्या घरी कुणी गेलंय... आणि एमिलला ते सोसलं नाही. बावीस वर्षं दर सोमवारी याच टेबलावर त्याने दुसऱ्यांच्या मुलांची सालटी काढली होती. तो म्हणाला होता, इथं कुणी कुणाचा बाप नाही, बोलायचं ते बोला. सगळे हसले होते. तेव्हा कोरी जिंकत होता.

"तेव्हाच बदलायला हवा होता पिचर," ड्वेन ओक्स म्हणाला. ड्वेनने तीस वर्षं शहराची बस चालवली होती आणि प्रत्येक मॅनेजरला तो कधी ना कधी काढायला निघालेला असे. "मॅनेजर आहे ना टकर, मैदानात आला, पिचरशी बोलला, आणि हात हलवत परत गेला. कशाला आला होता मग? हवा खायला?"

फिलचं म्हणणं वेगळं होतं. मॅनेजरने काय करायचं, कॅचर काय करणार. पिचरच ऐकत नसेल तर. शेवटच्या फलंदाजाला आठ चेंडू, आठही सरळ. कॅचर फलंदाजामागे बसून बोटांच्या खुणेने वळणारा चेंडू मागत होता, एकदा नाही, पाच वेळा, आणि हा मान हलवत होता – नाही, नाही, नाही. ज्या वळणावर सगळा हंगाम काढला, जे फलंदाजांना दिसायचंसुद्धा नाही, ते नेमकं काल घरी विसरून आला.

"सहा," लोरेटा पिंटर म्हणाली. ती चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती, आणि प्रत्येक सामना चेंडूगणिक वहीत उतरवत असे. "सहा वेळा मागितला. नीट बघत जा."

"बरं बाई, सहा."

सहा. एमिलनेही सहाच मोजले होते, घरातल्या खुर्चीत, टीव्हीपुढे, गुडघ्यावर वही घेऊन. प्रत्येक वेळी मान हलली तेव्हा त्याच्या पोटात कसलीशी गार, चोख तृप्ती उतरली होती – शाबास, ऐकतोयस – आणि आठव्या चेंडूनंतर पेन्सिल वहीवरच राहिली, आणि तिथे आता एक खड्डा आहे. कारण तो निर्णय टकरचा नव्हता, कॅचरचा नव्हता, कोरीचाही नव्हता. तो बारा दिवसांपूर्वी, बुधवारी दुपारी, एमिलच्या स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता घेतला गेला होता. कोरीचा दूरच्या एका हॉटेलातून फोन आला होता. बाबा, वळण टाकताना कोपरात आतून कुणी तार ओढल्यासारखं होतं. दोन बोटं बधिर होतात, मग परत येतात. डॉक्टरला सांगू का?

आणि मी काय म्हणालो? मी नळ बंदही केला नाही. म्हणालो, बारा दिवस राहिलेत. आठ वर्षं बसमध्ये झोपलास ते कशासाठी? आज सांगितलंस तर उद्या तुझ्या जागी दुसरा उभा राहील, आणि तुझं नावसुद्धा कुणी विचारणार नाही. वळण बंद कर. नुसता सरळ टाक. सरळ टाकून कोपर दुखत नाही.

हे खरं नव्हतं. खरं आहे असं मात्र त्याला अगदी वाटलं होतं, कारण तो तसं पूर्वीही एकदा म्हणाला होता... कोरी अकरा वर्षांचा होता, घरामागे दोरीवर टांगलेली जुनी गादी होती, तिच्यावर खडूने काढलेला चौकोन होता, आणि चौदा वर्षांच्या आत वळण शिकवू नका असं शाळेतल्या प्रशिक्षकाने घरी येऊन सांगितलं होतं. पोलाद कारखान्यातली क्रेन चालवून आल्यावर एमिल कोरीकडून रोज चाळीस वळणारे टाकून घेत असे. दुखलं की म्हणे, आता दहा सरळ टाक, जाईल. जात असे. निदान पोरगं तसं सांगत असे.

"तो घाबरला," फिल म्हणाला. "सरळ गोष्ट आहे. एवढी गर्दी बघून फाटली त्याची."

यावर ड्वेनने एमिलकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि नजर कॉफीत सोडली. त्या क्षणात दया होती. एमिलने ती ओळखली, आणि ती त्याला फिलच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबली. बावीस वर्षांत या टेबलावर त्याच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं, बायको गेली तेव्हाही नाही. आणि मग – नंतर त्याने पुष्कळदा हे जुळवून पाहिलं, आपण का बोललो, कशासाठी – मग तो बोलला, चांगल्या, मोकळ्या आवाजात.

"तो आजचा घाबरट नाही," तो म्हणाला. "बारा वर्षांचा होता तेव्हा गावच्या फायनलला मैदानाच्या मधोमध चड्डीत मुतला होता."

फिल आधी थांबला. मग त्याचं हसू असं फुटलं की दुधाची एक डबी पुडीवरून खाली पडली. ड्वेनही हसला, थोड्या उशिराने, तोंडावर मूठ धरून. मग पुढचं सांगणं भाग होतं, आणि ते एमिलने सांगितलं, तपशिलासकट – शेवटची इनिंग होती, पांढरी पँट होती, पोरगं पाय जवळ घेऊन उभं होतं आणि काही केल्या पुढचा चेंडू टाकेना. मी वेळ मागून घेतला, आत गेलो, आणि बर्फाच्या पाण्याची बादली उचलून त्याच्या डोक्यावर ओतली. लोकांना वाटलं, उकाडा आहे, बाप पोराला गार करतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि मग?" ड्वेनने विचारलं.

"मग काय. हरला."

हे खोटं होतं. कोरी जिंकला होता. ओल्या पँटीने त्याने पुढचे तीन चेंडू टाकले होते, तिन्ही वळणारे, आणि घरी येताना गाडीत सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसला होता. बाबा, कुणाला सांगणार नाही ना? नाही रे. आईलासुद्धा? आईलासुद्धा नाही. आणि आईला त्याने खरंच सांगितलं नव्हतं.

लोरेटा हसली नव्हती. ती वही उलटी करून मागची पानं बघत होती. फिल उठला, म्हणाला, आलोच. तो दर सोमवारी रेडिओवरच्या क्रीडा कार्यक्रमाला फोन लावत असे, आणि टेबलावरच्या गोंगाटात आवाज नीट जात नाही म्हणून बाहेर जात असे. काचेतून तो दिसत होता. पाठमोरा, फुटपाथवर येरझाऱ्या घालत, मोकळ्या हाताने हवेत काहीतरी ओतल्यासारखं करत. एमिलने त्या हाताकडे पाहिलं आणि तो हात काय सांगतोय हे स्वतःला कळू दिलं नाही.

"ऐका," लोरेटा म्हणाली. "सोळा तारखेला त्याचा सरासरी वेग ताशी शहाण्णव मैल. एकोणीसला पंचाण्णव. बावीसला त्र्याण्णव. काल शेवटचा चेंडू एक्क्याण्णव. आणि सोळा तारखेनंतर वळणारा चेंडू एकही नाही. एकही. ही भीती नाही, ड्वेन. भीतीने माणूस जास्त जोरात टाकतो. हा हात गेलेला आहे."

ड्वेनने हातातला चमचा खाली ठेवला. "मग टकरला दिसलं नाही?"

"टकर म्हणतो, मी विचारलं, तो म्हणाला हात ठीक आहे."

"खोटं बोलतो हरामखोर."

त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. टकरला माहीत होतं की नाही, आणि नसेल तर कोरीने का लपवलं, कुणाच्या सांगण्यावरून – एजंट असेल, एजंट लोक तसलेच असतात – आणि ज्याने कुणी एकतीस वर्षांच्या माणसाला दुखऱ्या हाताने बारा दिवस टाकायला लावलं, त्याचा हात दारात घालून दार लावायला हवं, असं ड्वेन म्हणाला. एमिल ऐकत होता. तो मान हलवत होता. होय, दारात... आणि त्याला खरोखर राग येत होता, त्या कुणाचा तरी, त्या माणसाचा चेहरा नसल्यामुळे राग आणखी निर्मळ होता.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी लोरेटाचा फोन वाजला. तिने वाचून दाखवलं. क्लबने मॅनेजर टकरला काढलं होतं. खाली दुसरी ओळ होती – पिचर हाव्रिला याच्या कोपराची तपासणी आज सकाळी होणार आहे.

ड्वेनने टेबलावर थाप मारली. फिल तेवढ्यात आत येऊन बसला होता, त्याला सगळं परत सांगावं लागलं, आणि त्याचे कान लाल झाले. मग लोरेटाने वही मिटली आणि बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, एमिलच्या हातावर हात ठेवला.

"एमिल. तुला काही बोलला होता का तो?"

तिचा हात कोरडा आणि हलका होता. आता सांगता येईल, असं एमिलला वाटलं, आता या हाताखाली सांगता येईल, तीन वाक्यं आहेत, नळ चालू होता इथपासून सुरुवात करायची.

"इथं कुणी कुणाचा बाप नाही," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला. ड्वेन म्हणाला, बरोबर आहे त्याचं, नियम आहे. आणि टकरच्या जागी कोण येणार यावर बोलणं वळलं.

साडेअकराला एमिल गाडीत येऊन बसला आणि त्याने कोरीला फोन लावला. चार वेळा वाजला.

"बाबा."

"कुणाला सांगितलंस का?" एमिलने विचारलं. हाच प्रश्न पहिला आला. दुसरा कुठलातरी आधी यायला हवा होता, हे विचारून झाल्यावर कळलं.

"तू सांगितलंस ते? नाही."

"टकरला काढलं."

"माहीत आहे. त्याचाच फोन आला होता. हात कसा आहे विचारत होता." मागे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारलं. "इथं तपासणीच्या खोलीबाहेर बसवलंय. रेडिओ लावलाय इथं, बाबा."

एमिलला काचेपलीकडचा फिलचा हात आठवला, हवेत ओतणारा.

"फिल होता ना तो? आवाज ओळखला मी. घरच्याच माणसानं सांगितलं म्हणाला. दोन पोरं बसली होती समोर, ती हसली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं." कोरीचा आवाज अगदी सरळ होता, वर नाही, खाली नाही. "पण मी हरलो नव्हतो. तेवढं तरी नीट सांगायचंस."

"कोरी –"

"आलं माझं नाव. ठेवतो."

फोन बंद झाल्यावर एमिल दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला, गाडी सुरू न करता. समोर कॅफेची मागची भिंत होती, विटांची, पंख्याच्या खाली तेलकट. आता तिथे कोरीला यंत्रात सरकवत असतील. हात वर करून, हलू नका, असं सांगत असतील. कोपरातली तार तुटलेली असेल किंवा नुसती सुजलेली असेल. सुजलेली असेल तर सहा आठवडे, आणि मग पुढच्या एप्रिलमध्ये तो परत उभा राहील, आणि सगळं शहर म्हणेल, हात तर धड होता, मग त्या दिवशी काय झालं होतं? फिलचं खरं ठरेल. बादलीचं खरं ठरेल. तुटलेली असेल, पूर्ण तुटलेली, तर मात्र कुणाला काही म्हणता येणार नाही, तर तो तुटक्या हाताने आठ चेंडू टाकणारा माणूस ठरेल, आणि मी जे केलं... नाही, मी त्यात नाही, माझा विचार मी करत नाहीये, मी त्याचाच विचार करतोय.

तुटलेली असू दे, असं तो म्हणत होता. केव्हापासून म्हणत होता ते त्याला कळलं नाही. ओठ हलत होते, आणि लय जुनी होती, चर्चमधली, बायको आजारी असताना वापरलेली. त्याने ओठ मिटले. आत ते चालूच राहिलं, आणि काही वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो ते थांबवायचा प्रयत्नही करत नाहीये.

बारा वाजून पाच मिनिटांनी क्लबने एका ओळीत कळवलं – हाव्रिलाची तपासणी पूर्ण झाली आहे, अहवाल आज मिळणार नाही.